पिकअपला पुढे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा अखंड ॲक्सल) बसवायचाय, दोनपैकी कोणता उचलू? (आजच ठरवायचंय)

रानवाट
जुन्या टोयोटा पिकअपचं पुढचं इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं हलणारं) काढतोय. टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारा, पिळला जाणारा दांडा) आवळून गाडी वर येते, पण खडकावर एक चाक हवेतच राहतं. सीव्ही बूट (ॲक्सलच्या सांध्यावरचं रबरी आवरण) परत फाटलाय, त्यावर आता एक डॉलर घालणार नाही. दोन ॲक्सल मिळताहेत: एक टोयोटाचाच जुना, दुसरा डेना 44 (डेना कंपनीचा ॲक्सल). विकणारा संध्याकाळपर्यंतच थांबणार आहे. कुठला घेऊ? लिफ्ट किट सुचवू नका, लीफ स्प्रिंगच (पाट्यांचे) टाकणार.

गॅरेजवाला
साल? इंजिन? टायर? मागचं रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे किती)? डेना 44 कुठल्या गाडीचा? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

रानवाट
87, 22आरई इंजिन, मॅन्युअल. टायर 31 इंची, नंतर 33 टाकणार. राहतो कोलोरॅडोत. आता सांगा.

मृण्मयी_ऑस्टिन
टोयोटाचा घे, विचार करू नकोस. 1985 पर्यंत या पिकअपला अमेरिकेत कंपनीच सॉलिड ॲक्सल देत होती, 86 पासून बंद केला. सहा बोल्टांची चाकं तीच, डिफरन्शियल (ॲक्सलवरचा गिअरचा गोल डबा) उजवीकडे, त्यामुळे ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सला) हात लावावा लागत नाही. तुझ्या मागच्या ॲक्सलपेक्षा हा साधारण 3 इंच अरुंद पडतो, पण तुझ्याच गाडीचे पुढचे हब यावर चढवलेस की ते अंतर भरून निघतं.

डिझेलदादा
टोयोटाचे बर्फील्ड जॉइंट (वळणाऱ्या पुढच्या चाकांना फिरवणारे ॲक्सलचे सांधे) कडाकड मोडतात, डोळ्यांनी पाहिलंय. डेना 44 घे. परवडत असेल तर सरळ डेना 60, परत बघायला नको.

मृण्मयी_ऑस्टिन
दादा, 22आरईला आणि 33च्या टायरला डेना 60? त्याला आठ बोल्टांची चाकं लागतात आणि वजन किती वाढतं! बर्फील्ड मोडतात ते मोठ्या टायरवर, स्टीअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दाबला की. 35च्या वर गेलास तर क्रोमोलीचे (जास्त मजबूत पोलादाचे) टाक.

सुनीलकाका_पुणे
आरटीओची परवानगी घेतली का? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत असे बदल चालत नाहीत. त्यापेक्षा जुनी जिप्सी घ्या, पुढेमागे सॉलिड ॲक्सल कंपनीचेच.

रानवाट
काका, गाडी कोलोरॅडोत आहे. डेना 44 फोर्डचा आहे म्हणतो. 79चा. डिफरन्शियलचा गोल भाग ड्रायव्हरच्या बाजूला.

कोल्हापूरकर
ड्रायव्हरची बाजू म्हणजे उजवीच ना? मग जुळतंय की.

गॅरेजवाला
अहो, तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो! फोर्डचा डेना 44 डावीकडचा, ट्रान्सफर केसचं आउटपुट उजवीकडे. प्रॉपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून ॲक्सलपर्यंतचा दांडा) गाडीखाली तिरका घालणार का? शिवाय चाकं पाच बोल्टांची. डेना 44च हवा असेल तर शेवरलेच्या के10 चा शोध. तो उजवीकडचा, सहा बोल्टांचा.

डिझेलदादा
फोर्डचा म्हणजे ताकदीचा. ट्रान्सफर केस बदलता येतो.

गॅरेजवाला
एका ॲक्सलपायी ट्रान्सफर केस बदलायचा? रानवाट, रेशो अजून सांगितलं नाहीस. मागचं एकच चाक जॅकवर घे, दुसरं जमिनीवर, गिअर न्यूट्रल. चाक पूर्ण दोन वेळा फिरव आणि शाफ्टचे फेरे मोज. चारपेक्षा किंचित जास्त आले तर 4.10. पुढचं तेच हवं, नाहीतर फोर-व्हीलमध्ये घातलंस की काहीतरी मोडणार.

रानवाट
मोजलं, 4.10 आहे. विकणारा म्हणतो टोयोटाच्या ॲक्सलचंही तेच. पण नकलच्या (ॲक्सलच्या टोकाला चाक वळतं त्या भागाच्या) गोळ्यावरून काळं, पातळ काहीतरी ओघळलंय.

मृण्मयी_ऑस्टिन
आतलं ॲक्सल सील गेलंय. डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये शिरून ग्रीस पातळ करतं. सील स्वस्त आहे, पण दोन्ही बाजू पूर्ण उघडून ट्रनियन बेअरिंगही (ज्यांवर नकल वळतो ती) बदलून घे. त्या नावावर भाव पाड. आणि रेशो त्याच्या शब्दावर मानू नकोस, पिनियन (शाफ्ट जोडतात तो डिफरन्शियलचा गिअर) फिरवून बघ.

सुनीलकाका_पुणे
तिकडे बर्फात मीठ टाकतात ना? आधी फ्रेम बघा.

गॅरेजवाला
काकांनी हे लाखाचं सांगितलं. स्प्रिंगचे हँगर (स्प्रिंग फ्रेमला अडकवायचे कंस) वेल्ड करायच्या जागी हातोडीने ठोकून बघ. खणखणीत आवाज आला तर पुढे जा, बद्द आला किंवा पापुद्रे निघाले तर ॲक्सल कुठलाच घेऊ नकोस.

रानवाट
फ्रेम खणखणीत आहे. टोयोटाचा उचलतोय, निघालो. स्टीअरिंगचं काय करायचं?

मृण्मयी_ऑस्टिन
स्वतःचा स्टीअरिंग बॉक्स अजिबात विकू नकोस! तुझ्या गाडीचाच बॉक्स आणि नकलवर उंच आर्म, अशीच क्रॉसओव्हर स्टीअरिंग (बॉक्सपासून पलीकडच्या चाकापर्यंत आडवा दांडा) करतात. आणि स्प्रिंगचे पर्च (ॲक्सलवरच्या स्प्रिंग बसायच्या बैठका) पक्के वेल्ड करण्याआधी कॅस्टर (चाक वळतं त्या अक्षाचा पुढे-मागे कल) मोजून घे.