मदत हवी आहे: टॅलीच्या कॉम्प्युटरवर मुलाला गेम खेळायचे आहेत

आडवा उभा धागा:

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती आणि विणकामाच्या पलीकडे फिरकत नाही, तेव्हा तांत्रिक शब्द चुकले तर सांभाळून घ्या.

इचलकरंजीत राहते. चार सूत व्यापारी आणि एक सायझिंगवाले (सुताला खळ देणारे), यांचे हिशेब आणि जीएसटीचं काम घरून करते, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा ऑनलाइन झाली तेव्हा कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप साडेअकरा हजारांना घेतला होता. तोच आजवर घर चालवतोय. सकाळी माझी टॅली, दुपारी सासऱ्यांचं कीर्तन, रात्री चिरंजीवांचा अभ्यास. म्हणजे तो म्हणतो अभ्यास.

चिरंजीव नववीत आहेत. त्याला व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळायचे आहेत. व्हॅलोरंट सुरू होतो, पण ऐन मारामारीत अडकतो आणि मग आमच्याकडे आरडाओरडा होतो. गावातल्या एका दुकानात विचारलं. त्यांनी डबा न उघडताच सांगितलं, "जीटी ७३० टाकून देतो, ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे, साडेपाच हजार." मुलगा एका पायावर तयार. मला मात्र नाडी न बघता गोळी लिहून दिल्यासारखं वाटलं, म्हणून इथे विचारतेय.

माहिती (मुलाने काढून दिली): आय-५ ४५७०, रॅम ८ जीबी डीडीआर३, ५०० जीबी हार्डडिस्क, विंडोज १०. कॅबिनेट बारीक, आडवं ठेवायचं, जाडजूड वहीगठ्ठ्याएवढं. मॉनिटर साडेअठरा इंची, निळ्या पिनवाला. यूपीएस ६०० व्हीएचा.

बजेट आठ हजार, फार तर नऊ. आणि एक अट. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी, ही जीएसटीची रिटर्न असतात. १० ते २० या दिवसांत मशीनला कुणी स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही. ते बंद पडलं तर व्यापारी माझ्या दारात येऊन बसतील.

कार्ड घेऊ का?

---

स्क्रू नंबर सहा:

ताई, नका घेऊ. निदान ते तरी नका घेऊ.

दुकानात "४ जीबी" हा शब्द जादूसारखा चालतो. पण कार्डावर मेमरी किती आहे यापेक्षा ती किती वेगाने माल पुरवते ते महत्त्वाचं. तुमच्याच गावचं उदाहरण घ्या. माग कितीही धावणारा असो, सुताची कांडी भरून वेळेवर आली नाही तर माग उभाच राहतो. गोदामात सूत किती पडलंय याने फरक पडत नाही.

आता आकडे. जीटी ७३० ची डीडीआर३ वाली, ६४ बिटची जी आवृत्ती बाजारात फिरते, तिचा मेमरीचा वेग सेकंदाला १४.४ जीबी. तुमच्या प्रोसेसरमध्ये एचडी ४६०० नावाचं ग्राफिक्स आधीच आहे, ते कॉम्प्युटरच्या रॅमवरच जगतं. १६०० वाल्या रॅमची एक स्टिक असेल तर त्याला १२.८ मिळतात. तशाच दोन असतील तर २५.६. म्हणजे दुसरी स्टिक टाकली की फुकटातल्या ग्राफिक्सला त्या साडेपाच हजारांच्या कार्डापेक्षा जास्त कांडी मिळते. मला दाट शंका आहे की तुमची ८ जीबी एकाच स्टिकमध्ये आहे.

टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा, उजवीकडे खाली किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. ते सांगा. शिवाय कॅबिनेट उघडून एसएमपीएसवरच्या, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या डबीवरच्या, लेबलचा फोटो काढा. वायर काढून, पॉवरचं बटण एकदा दाबून, मगच उघडा.

---

बिनपगारी सल्लागार:

नववीतल्या पोराला मैदानावर पाठवा. खर्च शून्य, लॅग नाही.

---

आडवा उभा धागा:

सल्लागार, तो रोज संध्याकाळी दीड तास कबड्डीला जातो. गुडघे बघा हवं तर. गेम रात्रीचे.

स्क्रू दादा, उघडलं. आतला पंखा धुळीने असा माखला होता की पाती दिसत नव्हती. कापसाचा पुंजकाच. आमच्या गावात हवेत कापूस असतोच म्हणा. स्लॉट दोन, वापरात एक. लेबलवर २५५ वॅट लिहिलंय. एसएमपीएसमधून निघालेल्या वायरींत कार्डासाठीची वेगळी सहा पिनची वायर नाही. मदरबोर्डला जाणारी जाड वायर आठ पिनची आहे. मुलगा म्हणतो व्हिडिओत २४ पिनची असते, मग आमची खोटी आहे का?

---

स्क्रू नंबर सहा:

खोटी नाही. मोठ्या कंपन्यांची ऑफिसची मशीनं अशीच असतात, आपापला वेगळा प्लग. त्यामुळे बाहेरचा साधा एसएमपीएस थेट बसणार नाही, मधे अडॅप्टर लागेल, आणि बारीक कॅबिनेटमध्ये तो मावणारही नाही. तो विषय इथेच सोडा.

२५५ वॅट वाईट नाहीत. तुमचा प्रोसेसर जास्तीत जास्त ८४ वॅटचा. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. म्हणजे वेगळी वायर न लागणारं, ७५ वॅटच्या आतलं, आणि अर्ध्या उंचीचं कार्ड चालेल. "अर्ध्या उंचीचं" याला बाजारात लो प्रोफाइल म्हणतात. नेहमीचं कार्ड घेतलंत तर कॅबिनेटचं झाकण लागणार नाही.

या चाळणीतून खाली उरतात ती दोन-तीनच. २०१६ चं जीटीएक्स १०५० टीआय आणि २०१९ चं जीटीएक्स १६५०, दोन्ही ७५ वॅटची, दोन्ही लो प्रोफाइलमध्ये निघाली होती. १६५० च्या काही मॉडेलांना सहा पिनची वायर लागते, ती नकोत. त्याच्या जीडीडीआर५ मेमरीचा वेग १२८ जीबी. मघाच्या १४.४ शेजारी ठेवून बघा, दोन्ही "४ जीबीचीच" कार्डं. आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅटचं आहे, पण ते बोर्डाशी चारच लेनने, म्हणजे चारच वाटांनी, बोलतं आणि तुमच्या पिढीच्या बोर्डावर त्याचा वेग कापला जातो. आरटीएक्स ३०५० ची ६ जीबी आवृत्ती ७० वॅटची, सुरेख, पण तुमच्या बजेटच्या बाहेर.

तुमच्या पैशात लो प्रोफाइल १६५० सेकंडहँडच मिळेल. आणि सेकंडहँडमध्ये सांभाळा. जुन्या चिपच्या कार्डाचं बायोस (आतला मूळ प्रोग्राम) बदलून ते १०५० टीआय म्हणून विकतात. विंडोजही त्याला तेच नाव दाखवतं. जीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर विकणाऱ्यासमोर चालवा, बनावट कार्ड असेल तर ते नावाआधीच तसं लिहून दाखवतं. मुंबईत कुणी नातलग असेल तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पाठवा, पण चालवून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

आणि तो निळ्या पिनवाला मॉनिटर. आजच्या कार्डांवर व्हीजीए, म्हणजे त्या निळ्या पिनेची जागा, नसते, एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लागेल. मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा असणार. ती कमीपणाची गोष्ट वाटते, पण तुमच्या फायद्याची आहे. फुल एचडीच्या निम्मेच ठिपके रंगवायचे.

---

आडवा उभा धागा:

आई जेवायला वाढतेय, मी तिच्या आयडीवरून लिहितोय. जीटीए माझ्या मित्राकडे पेन ड्राइव्हवर आहे, तो फुकट देणार आहे, मग सगळे पैसे कार्डात टाकता येतील ना? आणि विंडोज ११ टाकलं तर फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढतात का?

---

रात्रपाळी:

बाळा, पेन ड्राइव्ह मित्राला परत दे. ज्या मशीनवर तुझी आई पाच धंद्यांचे जीएसटीचे पासवर्ड टाकते, त्यावर क्रॅक केलेला, म्हणजे कुलूप तोडून फुकट केलेला, गेम बसवायचा नाही. त्या क्रॅकच्या पोटात काय आहे ते तुलाही माहीत नाही, मित्रालाही नाही. बसवताना अँटीव्हायरस बंद करायला सांगतात ना, तिथेच समज. मे २०२० मध्ये एपिकच्या ऑनलाइन गेम-दुकानात हा गेम आठवडाभर फुकट होता, तेव्हा तू तिसरीत असशील. आता सेलची वाट बघ. आणि गेम प्रौढांसाठीचा आहे, तेव्हा घ्यायचा की नाही ते आई ठरवेल.

एक चांगली बातमी. जीटीए ५ पीसीवर २०१५ ला आला तेव्हा कंपनीने सुचवलेला प्रोसेसर आय-५ ३४७० होता. तुझा त्याच्या पुढच्या पिढीतला आहे. प्रोसेसर बदलायचा विचार डोक्यातून काढ.

विंडोज ११ टाकू नकोस. अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, तुझी चौथी. जुगाड करून बसवता येतं, पण विंडोज ११ वर व्हॅलोरंटचा लबाडी पकडणारा पहारेकरी टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनच्या सुरक्षा सोयी मागतो. जुगाड मशीनवर गेम दारातच अडवेल. विंडोज १० वर ती अट नव्हती, म्हणून तर आत्ता चालतोय.

ताई, तुमच्यासाठी: विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. सुरक्षेचे अपडेट वाढीव मुदतीत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात, अपडेटच्या पानावरच नोंदणीचा दुवा असतो, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत जावं लागतं. ते आजच करा. त्यानंतर हिशेबाचं मशीन वेगळं करण्याचा विचार करावा लागेल, गेम असोत वा नसोत. मुलाला वेगळं यूजर खातं द्या, ॲडमिनचे अधिकार नसलेलं.

---

आडवा उभा धागा:

पेन ड्राइव्ह प्रकरण जेवणाच्या ताटावरच मिटलं. नोंदणी केली.

ठरलं असं: २० ला रिटर्न भरून झाली की रॅमची दुसरी स्टिक, ५०० जीबीची एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क) आणि पंख्याखालची, प्रोसेसरची उष्णता ओढणारी पेस्ट. कार्ड नंतर. स्क्रू दादा, क्रम बरोबर आहे ना?

---

स्क्रू नंबर सहा:

अगदी. स्टिक जुनीच घ्या, डीडीआर३ १६००, ८ जीबीची. नव्या रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून चढलेत. डीडीआर४ देऊ केली तर घेऊ नका, खाच वेगळ्या जागी असते, बसणारच नाही. पेस्ट मसुराच्या दाण्याएवढी. लोक टूथपेस्टसारखी लावतात.

---

आडवा उभा धागा:

आज २२. सकाळी सगळं जोडलं आणि मशीन मेलं. पंखा फिरतो, पडद्यावर काही नाही, पुढचा दिवा पिवळा लुकलुकतोय. सासरे म्हणाले, "मी सांगत होतो." काय सांगत होते ते विचारायच्या मनःस्थितीत मी नाही. कुणी जागं आहे का?

---

स्क्रू नंबर सहा:

घाबरू नका. वायर काढा. दोन्ही स्टिक बाहेर काढा. मुलाच्या कंपासपेटीतला पांढरा खोडरबर घ्या आणि स्टिकच्या सोनेरी दातांवरून दोन्ही बाजूंनी हलकेच फिरवा, कीस झटकून टाका. मग एकच स्टिक लावून बघा, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक् वाजल्या पाहिजेत. चालू झालं की दुसरी.

---

आडवा उभा धागा:

झालं! नवी म्हणजे जुनी घेतलेली स्टिक काळवंडली होती, खोडरबर अक्षरशः काळा झाला. आणि एका बाजूची खिट्टी बसलीच नव्हती. मुलाने दाबायला भीत भीत दाबली होती.

आता हिशेब. स्टिक ११००, एसएसडी ३४००, पेस्ट १५०. पेस्टआधी गेम खेळताना प्रोसेसर ९४ अंशांवर जायचा, आता ७० च्या आसपास राहतो. जुनी पेस्ट खडूसारखी भुगा होऊन पडली. व्हॅलोरंट सगळं कमीतकमी ठेवून ३५ फ्रेम द्यायचा आणि मधेच १५ वर यायचा. आता ६० च्या जवळपास, आणि अडकत नाही. मुलाने स्वतःहून सांगितलं की कार्ड दिवाळीच्या सुट्टीत घेतलं तरी चालेल. उरलेले पैसे माझ्याकडे आहेत, हे तो विसरलाय असं समजून चालते.

टॅली उघडायला पूर्वी मी चहा ठेवून यायचे, आता चहा राहतो. सासऱ्यांचं कीर्तनही पटकन लागतं, तर म्हणतात आवाज बदलला.

शेवटचं एक विचारायचं होतं. जुनी हार्डडिस्क आतच ठेवलीय, टॅलीचा बॅकअप त्यावर घेतला तर चालेल ना?

---

स्क्रू नंबर सहा:

फोटो, गाणी ठेवा तिच्यावर. टॅलीचा बॅकअप नको. एकाच डब्यात दोन्ही ठेवले आणि एखाद्या दिवशी व्होल्टेजने दगा दिला तर दोन्ही जातील. पेन ड्राइव्हवर घ्या आणि कपाटात ठेवा. मित्राच्या नव्हे, तुमच्या पेन ड्राइव्हवर.