लेकरांचा आरोग्य विमा: वर्षाचे 16,800 कंपनीला द्यायचे की आरडीत टाकायचे?

बेसा_पिपळावाला (धागाकर्ता)
मंडळी, दोन महिन्यांपासून घरात एकच वाद सुरू आहे, म्हणून शेवटी इथं आणला. मी 34, बायको 31, पोट्टी साडेतीन वर्षांची, दुसरं बाळ मार्चमध्ये यायचं आहे. नोकरी नागपूरजवळ बुटीबोरीला. कंपनीचा 3 लाखांचा ग्रुप विमा आहे, त्यात आम्ही तिघंही आहोत. आता एक एजंट मागं लागला आहे: 10 लाखांचा फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच पॉलिसी, घ्या, वर्षाला 16,800. सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के जीएसटी गेला, नाहीतर हाच हप्ता वीस हजारांना टेकला असता, हे त्यानं एका चहात तीनदा सांगितलं.

माझं म्हणणं असं. साडेतीन वर्षांत पोरीवर जो खर्च झाला तो सगळा ओपीडीचा. सर्दी, कान, ताप, खासगीत घेतलेल्या लशी, धंतोलीतल्या डॉक्टरांची फी आणि त्यांच्याच खालच्या मेडिकलमधली सिरपं. भरती झाल्याशिवाय साधा विमा यातला एक रुपया देत नाही. मग महिन्याला 1,400 ची आरडी लावली तर काय बिघडलं? आजारी पडलो तर वापरू, नाही पडलो तर पैसा आपलाच. विरोध जरूर करा, फक्त एजंटसारखा करू नका.

कूलर_काढला_का
भाऊ, आरडी वाईट नाही, पण तुम्ही तिचा हिशेब दहाव्या वर्षाचा करून राहिले. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिच्यात 33,600 आणि थोडं व्याज असते.

आमच्याकडे सप्टेंबरात मुलाला डेंगी झाला, वय सहा. प्लेटलेट 38 हजारांवर आल्या तेव्हा भरती केला. तिसऱ्या दिवशी बायको त्याच हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावर. मी जिन्यानं वर-खाली, एका हातात पपईचा रस (सासूबाईंचा आग्रह, डॉक्टर नुसते हसले), दुसऱ्या हातात रिपोर्टांची फाइल. महापालिकेची माणसं घरी आली तर अळ्या कुठं निघाल्या? आमच्याच खिडकीतल्या कूलरच्या टाकीत. जूनपासून काढतो काढतो म्हणत होतो. दोघांचं मिळून बिल 1 लाख 12 हजार, विम्यानं 94 हजार दिले. तुमच्या आरडीनं किती दिले असते?

बेसा_पिपळावाला
पण हे 94 माझ्या कंपनीच्या 3 लाखांतूनही निघालेच असते ना? मी विमाच नको म्हणत नाही, दुसरा कशाला म्हणतो.

कूलर_काढला_का
निघाले असते, जोपर्यंत नोकरी आहे तोपर्यंत. 2020 मध्ये आमच्या हिंगणा एमआयडीसीच्या युनिटमधून अकरा जण एका महिन्यात घरी बसले. पगार गेला त्याच दिवशी विमाही गेला. आणि कोणत्या वर्षी गेला ते बघा!

महालातले_काका
आजच्या पोरांना प्रत्येक गोष्टीचा हप्ता भरायची हौस. महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, आयुष्मान आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाख. 2023 च्या शासन निर्णयापासून रेशन कार्डाचा रंगही बघत नाहीत. सरकारी हॉस्पिटलं म्हणाल तर मेडिकल कॉलेजचं आहे, मेयो आहे, मिहानमध्ये एम्स उभं झालं. माझ्या नातवाच्या हृदयाचं छिद्र योजनेतच बंद झालं, खिशाला झळ नाही. आणि तुम्ही 16,800 देऊन राहिले?

संत्राबर्फी
काका, नातू बरा झाला हे वाचून खरंच आनंद झाला. कार्ड सगळ्यांनीच काढून ठेवावं, त्याला पैसे पडत नाहीत. पण योजनेत ठरावीक उपचारांची यादी आहे, आणि हॉस्पिटलही यादीतलंच लागतं. हृदयाचं छिद्र बसतं. रात्री दीड वाजता 104 ताप असलेलं लेकरू घराजवळच्या खासगी हॉस्पिटलात सलाईनवर ठेवलं, ते बसेलच असं नाही. आपण पळतो ते जवळच्या दाराकडे, तेव्हा यादी कोणी बघत नाही.

महालातले_काका
मग यादी आधी बघून ठेवा ना जी. विम्याचे चाळीस कागद वाचायला वेळ आहे, हे एक पान वाचायला नाही.

खिडकी_क्रमांक_तीन
मी सहा वर्षं एका खासगी हॉस्पिटलच्या विमा डेस्कवर बसले आहे, सध्या घरी आहे. लोक 3 लाख की 10 लाख यावर भांडतात आणि खोलीभाड्याची ओळ वाचत नाहीत. लहान मुलाच्या बिलात मार बसतो तो तिथं.

धरा, पॉलिसी 3 लाखांची आणि खोलीभाडं 1 टक्का, म्हणजे दिवसाला 3,000. लेकरू रडतं, आईला झोपायला जागा हवी, म्हणून तुम्ही 5,000 ची स्वतंत्र खोली घेता. चार दिवस राहिलात. बिल असं:

खोली 20,000
डॉक्टरांच्या भेटी, नर्सिंग वगैरे 15,000
औषधं आणि सामान 12,000
तपासण्या 9,000

एकूण 56,000. तुम्हाला वाटतं, खोलीचे वरचे 8,000 आपण देऊ, बाकी कंपनी देईल. तसं होत नाही. तुम्ही 5,000 च्या खोलीत राहिलात आणि हक्क 3,000 चा, म्हणून डॉक्टर-नर्सिंगचेही 60 टक्केच मिळतात, 15 चे 9 हजार. औषधं आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही, हा नियम आहे, पण सामानातले ग्लोव्हज, मास्क, डायपर असले 2,400 रुपये वेगळे उडतात. हातात 39,600. खिशातून 16,400. म्हणजे जवळपास एजंटानं सांगितलेला वर्षाचा हप्ताच.

माझ्या खिडकीसमोर याच आकड्यावरून रोज एक तरी बाप ओरडायचा. बोलणी मी खायची, ओळ कोणीतरी दुसऱ्यानं लिहिलेली. बेसावाले, तुमच्या ग्रुप पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा किती आहे ते आज एचआरला विचारा. दुसरा विमा हवा की नको, ते नंतर ठरवा.

तोंड_पोळलेला
वा, ताईंनी कात्री समजावून सांगितली. आता माझं ऐका. पॉलिसीला 14 महिने झालेले, हप्ता एक दिवस उशीर नाही. मुलीचे अ‍ॅडेनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढले, रात्री तोंड उघडं टाकून घोरायची, ऑपरेशन ठरलं. क्लेम नामंजूर: या ऑपरेशनला 24 महिन्यांचा प्रतीक्षा काळ आहे म्हणे. टॉन्सिल, हर्निया, अ‍ॅडेनॉइड, म्हणजे लहान मुलांना जे होतं नेमकं तेच त्या यादीत! 62 हजार खिशातून गेले. एजंटला फोन केला तर तो म्हणतो, "सर, पेज 23 वर आहे."

माझं स्पष्ट मत आहे, हा धंदा घाबरलेल्या आईबापांवर चालतो. आरडी लावा. आरडीला पेज 23 नसतं.

संत्राबर्फी
तुमचा राग समजतो, पण पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. तेवढ्यात पेज 23 वाचून होतं.

तोंड_पोळलेला
बाई, ते पेज 23 इंग्रजीत आहे. तेही वकिलाच्या इंग्रजीत. माझ्या घरात ते वाचणारा मीच, आणि मी बी.कॉम. आहे.

खिडकी_क्रमांक_तीन
पोळलेले भाऊ, इथं तुमची बाजू खरी आहे. फक्त एक करता आलं असतं, आणि ते कोणीच करत नाही. पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक नावाचे सुटसुटीत कागद देणं 2024 पासून सक्तीचं आहे, आणि ते मराठीत मागता येतं. प्रतीक्षा काळ, खोलीभाडं, वगळलेले खर्च, सगळं त्यात येतं. एजंट स्वतःहून देणार नाही, मागावं लागतं.

मनीषनगरची_मावशी
सगळे साडेतीन वर्षांच्या पोरीवर बोलून राहिले. मार्चमध्ये येणाऱ्या बाळाचं काय?

माझ्या बहिणीचं बाळ 34 व्या आठवड्यात झालं. नऊ दिवस काचेच्या पेटीत. बिल 1 लाख 38 हजार. तिच्याकडे दोन पॉलिसी होत्या. स्वतः घेतलेल्या मोठ्या पॉलिसीनं हात वर केले: बाळ 90 दिवसांचं झाल्यावर नाव घालता येईल. नवऱ्याच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत मात्र बाळंतपण होतं आणि बाळ पहिल्या दिवसापासून होतं, तिनं वाचवलं. म्हणून बेसावाले, या बाळंतपणासाठी आता घेतलेला फ्लोटर कामाचा नाही. बाळंतपणाला बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं तरी थांबावं लागतं. एचआरला खोलीभाडं विचाराल तेव्हा हेही विचारून घ्या.

बेसा_पिपळावाला
मावशी, म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूनं बोलल्या!

मनीषनगरची_मावशी
बाप्पा! मी कोणाच्याच बाजूनं नाही, मी बाळाच्या बाजूनं आहे. फ्लोटर आता घेतला तर त्याचे प्रतीक्षा काळ आत्तापासून मोजायला लागतील, म्हणून घ्या. मार्चसाठी घेऊ नका एवढंच.

शंकरनगर_चौक
मधला रस्ता कोणी सांगितला नाही. 3 लाखांची वजावट असलेला सुपर टॉप-अप घ्या. वर्षभराच्या भरतीची बिलं मिळून 3 लाखांच्या वर गेली की तो सुरू होतो, खालचे 3 कंपनीच्या पॉलिसीतून. हप्ता फ्लोटरच्या मानानं बराच कमी. उरलेल्या पैशाची आरडी लावा. दोघांचंही भांडण मिटलं.

कूलर_काढला_का
आणि नोकरी गेली की खालचे 3 लाख कोण देईल? फिरून तिथंच आलो.

शंकरनगर_चौक
आरडी देईल. हो, पूर्ण नाही देणार. पण माझ्यासारख्या 28 हजार पगाराच्या माणसाला सगळे दरवाजे बंद करणं परवडत नाही, जो सगळ्यात मोठा तो आधी लावतो. जुन्या करप्रणालीत हप्त्यावर 80डी ची आयकर सूट तरी होती, नव्या प्रणालीत तीही नाही.

बेसा_पिपळावाला
एचआरला विचारलं. बाळंतपण 50 हजारांपर्यंत, बाळ पहिल्या दिवसापासून धरलेलं. खोलीभाडं 1 टक्का, म्हणजे ताईंचं उदाहरण माझंच निघालं. रात्री बायकोला ते बिल वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आता आरडीचं नाव काढू नका."

म्हणजे फ्लोटर घेतोच आहे, खोलीभाड्याला मर्यादा नसलेला. पण फॉर्म भरताना नवीन वाद. गेल्या हिवाळ्यात पोरीला दोनदा धाप लागली होती, नेब्युलायझर दिला होता. डॉक्टरांनी दमा असं म्हटलं नाही, फाइलवर "व्हीझ", म्हणजे श्वासात शिट्टीसारखा आवाज, एवढंच लिहिलं आहे. एजंट म्हणतो, लिहू नका, लहान मुलांना होतच असतं, उगाच अडकेल.

खिडकी_क्रमांक_तीन
लिहा.

तोंड_पोळलेला
लिहिलं की हप्ता वाढवतील, नाहीतर श्वासाचे आजार 36 महिने बाहेर ठेवतील. आणि पाच वर्षं नीट हप्ते भरले की जुनी माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही, हा त्यांचाच नियम आहे. काढा पाच वर्षं.

खिडकी_क्रमांक_तीन
नियम बरोबर, पण फसवणूक सिद्ध झाली तर तोही वाचवत नाही. आणि पाच वर्षं काढायची कोणी? पोरगी साडेतीनची आहे. धापेचं लेकरू भरती व्हायचं ते याच पाच वर्षांत. तेव्हा डेस्कवर पहिला प्रश्न येतो, "पहिल्यांदा कधी झालं होतं?" आणि घाबरलेली आई खरं सांगते. मी ते केसपेपरवर उतरताना पाहिलं आहे. डॉक्टर लिहितात, "मागील हिवाळ्यापासून." तो कागद कंपनीकडे जातो. त्यापेक्षा आज 36 महिने थांबा म्हणालेत तर थांबा, 2024 च्या आधी तर 48 होते. बाकीचा विमा तरी शाबूत राहील.

महालातले_काका
खरं बोलायचेही पैसे पडतात म्हणा. कूलर काढला का रे सगळ्यांनी?

बेसा_पिपळावाला
काढला काका, बायकोनंच काढला. फॉर्ममध्ये नेब्युलायझर लिहिला, दोन्ही तारखांसह, आणि माहिती पत्रक मराठीत मागितलं. एजंट रोज दोनदा फोन करायचा. मंगळवारपासून त्याचा फोन नाही.