मदत हवी आहे: प्रोजेक्टरवर रात्रीचे प्रसंग नुसते काळे दिसतात

खोली पूर्ण अंधारी करून सिनेमा मोडवर बघतोय. उजेडातले प्रसंग झकास, पण रात्रीच्या दृश्यात काळा कोट आणि मागची भिंत एकच होऊन जातात. कोटाची बटणंसुद्धा दिसत नाहीत. ब्राइटनेस वाढवला की बटणं दिसतात खरी, पण काळ्याचा राखाडी होतो. गॅमा (मधल्या छटा किती गडद दिसतील ते ठरवणारी सेटिंग) २.४ वरून २.२ वर आणला, फरक जेमतेम.

आता संशय एचडीएमआय रेंजवर आहे, म्हणजे केबलमधून येणाऱ्या सिग्नलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे कुठून कुठे धरायचे त्यावर. प्लेअर ०-२५५ पाठवतोय आणि प्रोजेक्टर १६-२३५ धरून बसलाय, म्हणून १६ च्या खालचं सगळं नुसतं काळं दिसतंय, असं असेल का? दोन्हीकडे ‘ऑटो’ आहे. हाताने बदलायचं तर कुठे बदलू, प्लेअरमध्ये की प्रोजेक्टरमध्ये? आणि त्यानंतर ब्राइटनेस पुन्हा शून्यापासून लावावा लागेल का?

डायनॅमिक मोड कृपया सुचवू नका, त्यात माणसं हिरवी दिसतात.