ॲनिमेशनपट: शेवटी आजी बोध सांगते, आणि मध्येच मुलं चुळबुळतात. कात्री कुठे लावावी?

निशाचर:
८० मिनिटांच्या कौटुंबिक ॲनिमेशनपटाचं स्टोरी रील तयार आहे: बोर्डवरची चित्रं, कच्चे आवाज, तात्पुरतं संगीत. गोष्ट अशी. टिमकी हे वटवाघळाचं पिल्लू. तिने काढलेला आवाज आपटून परत येतो तो तिला नीट ऐकू येत नाही. (पडद्यावर आवाज उजेडाच्या कड्यांसारखा दिसतो. टिमकीच्या कड्या जातात, पण परत येताना विरतात.) हे ती सगळ्यांपासून लपवते. घरची गुहा पाठ असल्याने कुणाला पत्ता लागत नाही. मग गुहेत पाणी भरतं, थव्याला रातोरात निघावं लागतं आणि बाहेरचं टिमकीला काहीच पाठ नाही. मागे घुबड. ६२व्या मिनिटाला कळतं की थव्याचा म्होरक्याच घुबडाला सामील आहे. ७१व्या मिनिटाला आजी म्हणते, "मदत मागणं म्हणजे दुबळेपणा नव्हे." टिमकी भोपूची, म्हणजे मित्राची, मदत घेते आणि सगळे सुखरूप पोचतात.

अडचणी दोन. आजीचं वाक्य आलं की मोठी माणसं माना डोलावतात आणि मुलं दाराकडे बघतात. आणि ३६ ते ४७ मिनिटांत मुलं चुळबुळ करतात. खरं तर सगळ्यात जास्त गमती तिथेच आहेत: बेडूक, काजवे, फळं खाणारी वटवाघळं. विनोद वाढवून पाहिले, फरक शून्य.

कडीकोयंडा:
आजीला हात लावण्याआधी पहिली दहा मिनिटं तपासा. टिमकी का लपवते, हे तुमच्या सारांशात कुठेच नाही. लपवण्याचा तिला एकदा तरी घसघशीत फायदा झालेला दिसायला हवा. समजा, पिल्लांमध्ये अंधारात टोकाच्या कपारीपर्यंत आधी कोण पोचतं अशी शर्यत आहे. टिमकी पाठांतराच्या जोरावर जिंकते, थवा तिला डोक्यावर घेतो. त्याच शर्यतीत दुसरं एक पिल्लू "मला नाही ऐकू येत" म्हणतं आणि त्याला तान्ह्यांच्या रांगेत नेऊन लटकवतात. दीड मिनिटाचं काम, संवाद जेमतेम एक. आता लपवणं प्रेक्षकालाही शहाणपणाचं वाटेल. जो गैरसमज बघणाऱ्याला पटलेलाच नाही, तो शेवटी मोडला काय नि राहिला काय, त्याला सोयरसुतक नसतं.

'फाइंडिंग निमो'मध्ये (२००३) आईचा मृत्यू आधी फ्लॅशबॅकमधून तुकड्यातुकड्यांनी कळणार होता. परिणाम असा की बाप नुसताच किरकिऱ्या वाटायचा. तो प्रसंग उचलून अगदी सुरुवातीला आणला, तेव्हा कुठे त्याची भीती प्रेक्षकांना समजली.

मग प्रत्येक प्रसंगाची एक चिठ्ठी करा, तीन ओळींची: टिमकीला आत्ता काय हवंय, ती काय लपवते, त्याची किंमत कोण मोजतं. तिसरी ओळ लागोपाठ तीन-चार चिठ्ठ्यांवर कोरी राहिली, तर आशय तिथे गाळात रुतलाय. मग तो बाहेर काढायला कुणीतरी आजी लागणारच.

रीळकापे:
३६ ते ४७ बद्दल. मुलं जिथे चुळबुळतात तिथे बहुतेक वेळा चूक नसते, ती दोन-तीन मिनिटं आधी झालेली असते. अंदाज सांगतो: ३३-३४च्या सुमारास थवा पांगतो आणि टिमकी-भोपू एकटे पडतात. ते आता कुठे निघालेत, कशासाठी? पुढच्या खेळाला रील ३५व्या मिनिटाला थांबवा आणि मुलांना एवढंच विचारा, "आता टिमकी काय करणार?" "आवडलं का?" विचारू नका, मोठ्यांना बरं वाटेल ते उत्तर मुलं हमखास देतात. पाच मुलांकडून पाच वेगळी उत्तरं आली तर विनोदाची कितीही फोडणी द्या, उपयोग नाही.

दुसरी तपासणी: बेडूक आणि काजव्यांची अदलाबदल करा. काहीच बिघडलं नाही ना? म्हणजे हे प्रसंग "आणि मग... आणि मग..." करत एकामागे एक उभे आहेत. मध्ये "म्हणून" किंवा "पण" बसायला हवं. उदाहरणार्थ, बेडूक वाट दाखवायला तयार आहे, पण टिमकी "मला माहितीये" म्हणून थाप मारते. म्हणून दोघं भलत्याच ओढ्याने जातात आणि ती काट्यांत अडकते. इथे किंमत तिने स्वतः मोजली. काजव्यांच्या उजेडात तिला डोळ्यांनी दिसतं, पुन्हा शेखी मिरवते. पण त्याच उजेडात घुबडाला भोपू दिसतो आणि त्याचा पंख फाटतो. आता किंमत मित्राने मोजली. तिसऱ्या वेळी अख्ख्या थव्यावर येऊ द्या. प्रत्येक थापेला भाव चढत गेला पाहिजे, नाहीतर मधली अकरा मिनिटं सपाट.

आणि एक गोष्ट तुमच्या हातून कशी निसटली कळत नाही! फळं खाणारी मोठी वटवाघळं बहुतांशी प्रतिध्वनीवर उडतच नाहीत, ती डोळ्यांवर आणि वासावर चालतात. म्हणजे टिमकीसारखी, परतीच्या कड्यांवाचून मजेत उडणारी एक जमातच तुमच्या सिनेमात आहे, आणि तुम्ही तिला हशासाठी वापरलंय. तिथे टिमकीला खरं बोलायची सगळ्यात सोपी संधी द्या आणि ती वाया घालवू द्या. लाजेने, भोपूच्या देखत.

बिनखलनायक:
वरचं सगळं मान्य, पण मुख्य घोटाळा ६२व्या मिनिटाचा आहे. टिमकी वेळेवर बोलली असती तर थवा संकटात सापडला नसता, हा तुमचा पेच. म्होरक्या फितूर निघाला की सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटतं आणि टिमकी अलगद सुटते. अचानक उघड होणारा खलनायक प्रेक्षकाला दोन मिनिटं चकित करतो, त्या बदल्यात नायिकेचा निर्णय खाऊन टाकतो. म्होरक्याला प्रामाणिक राहू द्या, घुबडाला फक्त भूक असू द्या. 'माय नेबर तोतोरो'त (१९८८) खलनायक नाहीच. आईचं आजारपण ताण धरून ठेवायला पुरतं.

मात्र टिमकीचा दोष बेतानेच वाढवा. १९९३ साली 'टॉय स्टोरी'च्या कच्च्या रीलमध्ये वुडी हे जुनं खेळणं बझ या नव्या खेळण्याला जाणूनबुजून खिडकीबाहेर ढकलायचा. तो इतका दुष्ट वाटला की काम थांबवून कथा नव्याने बांधावी लागली. अंतिम चित्रपटात त्याला बझला फक्त टेबलामागे पाडायचंय, खिडकीबाहेर पडणं हा अपघात. मत्सर तोच, पण माफ करता येईल एवढाच. भोपूचा पंख फाटतो तेव्हा टिमकीला घुबडाची चाहूलही लागलेली नसावी.

आजीचं वाक्य काढूनच टाका असं मी म्हणणार नाही. बोध तोंडाने सांगणं पाप नव्हे, तो ऐन निर्णयाच्या क्षणी सांगितला की घात होतो. तेच वाक्य विसाव्या मिनिटाला दुसऱ्याच कुणाला उद्देशून येऊ द्या, टिमकीने ऐकून न ऐकल्यासारखं करावं. ७१ला आजी गप्प.

निशाचर:
फळखाऊंची सूचना लाखमोलाची, म्होरक्याचाही निरोप घेतो. दोन शंका. ७१ला काहीच बोललं गेलं नाही तर पाच वर्षांच्या मुलाला कळेल का? आणि काजव्यांच्या प्रसंगाचं ॲनिमेशन सुरू झालंय, ते फेकून देणं परवडणार नाही.

कडीकोयंडा:
कड्या कशासाठी आहेत? टिमकी कडी सोडते, विरते. पुन्हा सोडते, विरते. मग ती सोडणंच थांबवते. इथे संगीत पूर्ण बंद, ४८ ते ७२ फ्रेम, म्हणजे दोन-तीन सेकंद, नुसता काळोख. मग ती म्हणते, "भोपू, तू ओरड. मला नाही ऐकू येत." भोपूच्या कड्या पसरतात, तो "डावीकडे!" म्हणतो आणि ती डावीकडे वळते. पाच वर्षांच्या मुलाला यातलं सगळं दिसतं. "मला नाही ऐकू येत" हे तेच वाक्य, ज्याने सुरुवातीला दुसऱ्या पिल्लाची जागा गेली होती. ते शब्दशः तसंच ठेवा.

तपासायला ६८ ते ७३ मिनिटं आवाज बंद करून, आधी सिनेमा न पाहिलेल्या मुलांना दाखवा आणि "कुणी कुणाला मदत केली?" विचारा. तात्पुरतं संगीत लावून तपासू नका, ते फसलेला प्रसंगही तारून नेतं.

रीळकापे:
काजव्यांचे झालेले शॉट तसेच राहू देत. घुबडाच्या डोळ्यात काजव्यांचा उजेड चमकतो एवढा एक शॉट नवा लागेल, आणि पंख फाटणं चौकटीबाहेर, आवाजावर घ्या. टिमकीची शेखी बदलायची तर नवा संवाद तिच्या पाठमोऱ्या शॉटवर टाका, ओठ जुळवण्याचं काम वाचेल. पाठमोरा शॉट नसेल तर तिचा आवाज भोपूच्या चेहऱ्यावर चालवा. त्या प्रसंगात बघण्यासारखा चेहरा तसाही त्याचाच आहे.