पैसा येतो, पण राहतो कुठे?

पर्यटनामुळे गरीब देशांत पैसा येतो, असं नेहमी म्हटलं जातं. येतो खरा, पण हॉटेलची साखळी आणि बुकिंगचं कमिशन दोन्ही बाहेरच्यांचं असेल तर गावाच्या वाट्याला खोल्या झाडायचं काम आणि कचराच उरतो. फिलिपिन्सचं बोराकाय बेट सांडपाण्यापायी २०१८ मध्ये सहा महिने बंद ठेवावं लागलं. तेव्हा हातावर पोट असलेल्यांचाच रोजगार बुडाला.

आमच्या साताऱ्याजवळच्या कास पठाराचा समावेश २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत झाला. फुलांच्या हंगामात झुंबड उडते, पण तिथली व्यवस्था वनखात्यासोबत कास, एकीव, आटाळी अशा आजूबाजूच्या गावांच्या समित्या बघतात. प्रवेशशुल्क घेणारी, कुणी फुलांत पाय टाकला की शिट्टी मारून हटकणारी माणसं गावातलीच. हे मला फार मोलाचं वाटतं. हंगाम मात्र दीड-दोन महिन्यांचाच. एरवी पोरं पुण्या-मुंबईलाच जातात.

खरी भीती जमिनीची आहे. रस्त्याकडेचं रान एकदा रिसॉर्टवाल्याला विकलं की कालचा मालक तिथेच वॉचमन होतो. निदान कासला याल तेव्हा जेवण आणि मुक्काम गावकऱ्यांच्या घरीच करा.