शब्दचर्चा : 'रुग्णसमाधान' की 'संतुष्टी'?

प्रश्न : परळला केमोसाठी ओपीडीत येणाऱ्या रुग्णांना सेवेबद्दल विचारायची प्रश्नावली मराठीत लिहिते आहे. मथळा 'रुग्णसमाधान' ठेवलाय. सहकारी 'संतुष्टी' सुचवतात. 'बाह्यरुग्ण' लोकांना कळेल का?

प्रतिसाद : 'संतुष्टी' हिंदी वळणाचा वाटतो. 'बाह्यरुग्ण' फलकापुरता ठीक, बोलताना सगळे 'ओपीडीला नंबर आहे' असंच म्हणतात.

प्रतिसाद : ताई, मला अडचण 'समाधान' या शब्दाचीच वाटते. समाधान 'होतं' तेव्हा हवं ते मिळालेलं असतं आणि 'मानलं' जातं तेव्हा मिळालं त्यावर भागवलेलं असतं. नांदेडहून आलेला, दादरच्या धर्मशाळेत उतरलेला माणूस सकाळी रक्त देतो, रिपोर्टची वाट बघतो, डॉक्टरांना भेटतो आणि डे-केअरमध्ये केमोसाठी खुर्ची मिळेपर्यंत दुपार होते. 'समाधानी आहात का?' म्हटलं तर तो म्हणणार, 'हो, काही तक्रार नाही.' त्यात डॉक्टरांबद्दलची कृतज्ञता आहे, पुढच्या तारखेची धास्ती आहे. दुपारपर्यंतचं थांबणं मात्र त्या उत्तरात कुठेच येत नाही.

युरोपातल्या ईओआरटीसी या कर्करोग संशोधन संस्थेची ओपीडीतल्या रुग्णांसाठी 'आउट-पॅटसॅट३५' ही ३५ प्रश्नांची प्रश्नावली आहे. तिच्यात डॉक्टर, नर्स आणि एकूण व्यवस्था यांबद्दल वेगवेगळं विचारतात. शेक, म्हणजे रेडिओथेरपी, घेणाऱ्यांच्या आवृत्तीत नर्सच्या जागी रेडिओथेरपीचे तंत्रज्ञ येतात. डॉक्टरांनी ऐकून घेतलं का, आजाराची माहिती कशी दिली, किती वेळ दिला, अशा एकेका गोष्टीला रुग्ण वाईट ते उत्कृष्ट अशा पाच पायऱ्यांवर दर्जा देतो. मराठीतही असंच विचारा, म्हणजे मत माणसाच्या स्वभावाबद्दल न येता सेवेबद्दल येईल.

प्रश्नकर्ती : पटलं. पाच पायऱ्या अशा लिहिल्यात : वाईट, बरी, चांगली, खूप चांगली, उत्कृष्ट.

प्रतिसाद : 'बरी' काढा. दवाखान्यात 'बरं' म्हणजे प्रकृती. 'बरं आहे' म्हणणारा पेशंट सेवेबद्दल बोलतोय की उलट्या थांबल्याबद्दल, हे कागदावरून कळणार नाही. 'साधारण' चालेल. 'परिचारिका'ऐवजी 'सिस्टर' लिहा. 'कर्मचारी' असा मोघम शब्द तर नकोच, कारण मग मावशी, मामा आणि सिस्टर या सगळ्यांचं मिळून एकच उत्तर येतं.

प्रश्नकर्ती : आणि 'किती ताटकळावं लागलं?' हा प्रश्न?

प्रतिसाद : 'ताटकळणं' या शब्दातच तक्रार आहे. 'तपासणीसाठी किती वेळ थांबावं लागलं?' पुरे. छापण्याआधी चार-पाच रुग्णांना वाचून दाखवा आणि प्रत्येक प्रश्नाचा अर्थ त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा. पेशंट आणि सोबतचा नातेवाईक दोघंही असतील तर आधी पेशंटला बोलू द्या.

प्रश्नकर्ती : मथळा बदलला : 'ओपीडीतल्या सेवेबद्दल तुमचं मत'. सोमवारी डे-केअरमध्ये वाचून घेते.