केस स्टडीचा विषय कोल्हापुरातच आहे
परदेशी केस स्टडी (वर्गात चर्चेसाठी घेतलेली खरी प्रकरणे) महाग पडतात आणि आपल्या विद्यार्थ्यांना परक्या वाटतात, ही शिक्षक मांडतात ती अडचण खरी आहे. मी वर्गात कोल्हापुरी चपलेचे प्रकरण घेतो: २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांना मिळून तिचे भौगोलिक मानांकन (ठरावीक प्रदेशातील उत्पादनालाच ते नाव वापरू देणारी नोंदणी) मिळाले, तरी जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानमध्ये तशाच चपला श्रेय न देता सादर केल्या आणि टीकेनंतरच प्रेरणास्थान मान्य केले. मानांकन नावाचे रक्षण करते, घडणीचे नव्हे, हे मुलांना वादातूनच उमगते. मात्र वर्तमानपत्रांच्या कात्रणांवर न थांबता चामडे, मजुरी आणि विक्रीभाव यांचे आकडे विद्यार्थ्यांनी कारागिरांकडूनच आणावेत, आणि शिक्षकाने (मलाही हे जड जाते) उत्तर आधी सांगू नये.